पारव्याचा गुण

आत्यांनी चहाचा घोट घेतला आणि तो डाव्या बाजूनं सरळ हनुवटीवर उतरला. त्यांनी पदरानं पुसलं, दुसरा घोट घेतला. तोही उतरला.

"कह हुटका दिलास व्हय गं?" त्या माझ्यावर खेकसल्या.

कप फुटका नव्हता. त्यांच्या तोंडून 'प' आणि 'फ' निघत नव्हते, ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गिरिजाबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. मी भाकरी थापता थापता त्यांच्याकडं बघत राहिले. लोकांची तोंडं बघणं हाच माझा धंदा, त्यामुळं मला चटकन दिसलं. माझ्याकडं बघताना त्यांच्या कपाळावर नेमानं एक आठी पडायची. आज ती अर्धीच पडली होती. डावा गाल ओल्या फडक्यासारखा खाली आला होता.

"काय बघायलीस?"

"आत्या, डोळं मिटा बघू."

"का?"

"मिटा तर."

उजवा मिटला. डावा उघडाच राहिला, आत नुसतं पांढरं दिसत होतं. मी हात तसेच पिठाचे ठेवून ह्यांना हाक मारायला दुकानाकडं पळाले.

डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा मेंदूचा झटका नाही. कानामागून चेहऱ्याची एक नस येते, ती सुजली आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले, झोपताना डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. "आणि रोज चेहऱ्याला मालिश पाहिजे, हलक्या हातानं. नस जागी होईपर्यंत स्नायू आखडता कामा नयेत. घरात कुणी आहे का करणारं?"

"हिचं पार्लरच हाय की, डॉक्टर," आमचे हे म्हणाले.

आत्यांनी तोंड फिरवलं. तेवढ्यापुरतं ते शाबूत होतं.

त्यांनी तोंड का फिरवलं ते सांगते. बार्शीत आमचं घर मोठ्या रस्त्याला. रस्त्याकडची खोली पूर्वी किराणा दुकानाचं गोदाम होती. मामंजी गेले, दुकान आक्रसलं, पोती कमी झाली आणि खोली रिकामी पडली. मी लग्नाआधी सोलापूरला ब्यूटिशियनचा कोर्स केला होता. त्या खोलीत पार्लर टाकू का, म्हणून ह्यांच्या मागं लागले. ह्यांचं नाव मल्लिनाथ, स्वभाव असा की दोन बायका बोलायला लागल्या की ते घड्याळाकडं बघतात. आत्यांनी हो असं कधी म्हटलं नाही. अटी घातल्या, त्यालाच मी हो समजले. पार्लरमधून आत येताना हात कोपरापर्यंत धुवायचे, साडी बदलायची. देवघराकडं त्याआधी फिरकायचं नाही. आणि अंडं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आमचं घर पक्कं शाकाहारी. एकदा एका गिऱ्हाईक बाईनं केसांना लावायला आपल्या पर्समधून अंडं काढलं, तर आत्यांनी तिला फुटपाथवर उभं केलं आणि खोलीभर गोमूत्र शिंपडलं. ती बाई परत आली नाही. तिच्या दोन बहिणीही आल्या नाहीत.

"बायकांची थोबाडं चोळून पोट भरायची पाळी आली आमच्या घराण्यावर," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, तेही मी ऐकण्याच्या टप्प्यात असताना.

आणि आता त्या खोलीवरच गंडांतर आलं होतं. घर आत्यांच्या नावावर. माझा धाकटा दीर सोमनाथ आणि त्याची बायको रूपाली लातूरला राहायचे. तेव्हा मोबाईल नुकते हाताहातांत दिसायला लागले होते आणि रूपालीच्या भावाला मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. मोठ्या रस्त्याची खोली त्याच्या डोळ्यात भरली होती. आत्या सगळ्यांना म्हणायच्या, "संक्रांतीनंतर बगू." आमच्या घरात हा 'बगू' मला कधीच लाभला नव्हता. ती खोली गेली असती तर मी परत स्वयंपाकघरात. माझं म्हणून जे काही होतं ते त्या चार भिंतींत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पार्लरमधल्या खुर्चीत बसायला तयार होईनात, म्हणून त्यांच्याच खोलीत उशी लावून मी त्यांना टेकवलं.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"कोहराहोतर?"

"कोपरापर्यंत धुतले, आत्या."

माझ्या सोलापूरच्या बाई म्हणायच्या, मालिश म्हणजे चोळणं नव्हे. कातडी हाताबरोबर सरकली पाहिजे, हात कातडीवरून घसरला की ते नुसतं तेल माखणं. मी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी गालावर ठेवला. बदाम तेलाचे दोन थेंब तळव्यात घेतले, हात ऊन केले. मग हनुवटीपासून कानाकडं, ओठाच्या कोपऱ्यापासून गालफडाकडं, भुवईपासून केसांकडं. सगळं खालून वर. लोंबलेला गाल डाव्या हातानं उचलून धरायचा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी लहान लहान गोल काढायचे. कानशिलाशी जरा थांबायचं.

आत्या डोळे टक्क उघडे ठेवून छताकडं बघत होत्या, दवाखान्यात इंजेक्शनची वाट बघणारं माणूस बघतं तशा. पण हात मानेकडं गेला तेव्हा मीच थबकले. मान लाकडासारखी होती. खांद्यात गाठी होत्या, जुन्या, मुरलेल्या. मामंजी गेल्यावर काही वर्षं हमाल परवडत नव्हता, तेव्हा आत्यांनी स्वतः पोती ओढली होती हे मला ऐकून माहीत होतं. आता ते हाताला लागलं. मी मान सोडवत बसले. थोड्या वेळानं त्यांचा उजवा डोळा मिटला आणि त्या घोरायला लागल्या. डावा डोळा मी पट्टीनं मिटवला.

मग ते रोजचं झालं. सकाळचं गिऱ्हाईक यायच्या आधी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. आत्यांना झोप लागायला लागली. मान वळायला लागली. डोकेदुखीची गोळी बंद झाली. गंमत अशी की आजाराची बाजू होती तिथंच होती, पण उजव्या गालावरच्या सुरकुत्या सैल झाल्या आणि कातडीला अशी तकाकी आली की शेजारच्या शकुंतलाकाकू म्हणाल्या, "गिरिजा, एका अंगानं तू नवी नवरी दिसायलीस." आत्यांना ते आवडलं. त्यांनी आरसा मागून घेतला.

मालिशनंतर आरशापुढं व्यायाम असायचे. भुवया उचला, नाक मुरडा, गाल फुगवा, दात दाखवा. गाल फुगवले की डावीकडून हवा फुस्सकन निघून जायची. शेवटी शीळ घालायची असायची.

"बाईमाणसानं शीळ घालायची?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"शेजारी काय म्हणतील?"

"दार लावते."

दार लावून आम्ही दोघी आरशापुढं बसायचो आणि शीळ घालायचा प्रयत्न करायचो. मलाही येत नव्हती. एकदा त्यांना हसू फुटलं, अर्ध्याच तोंडानं, आणि त्या हसण्यानं मला इतकं बरं वाटलं की खोटं कशाला सांगू, मी त्यांना आई म्हणायच्या बेतात होते.

एका संध्याकाळी मी कपाळावरून हात फिरवत होते आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. डाव्या डोळ्याचं तर नेहमीच यायचं, पण हे तसं नव्हतं.

"दुखलं का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांच्या त्या सांडत्या बोलण्यात सावकाश म्हणाल्या, "लग्न झाल्याहासनं माझ्या तोंडाला कुणी हात लावला न्हवता नंदा. हाणायला सोडून."

माझे हात थांबले. मामंजींचा हार घातलेला फोटो समोरच्या भिंतीवर होता. त्यांच्याबद्दल घरात देवमाणूस याशिवाय दुसरा शब्द मी ऐकला नव्हता.

"थांबू नगंस," त्या म्हणाल्या. "कर."

मी करत राहिले. त्या बराच वेळ रडल्या. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ आली ती मी माझ्याच पदरानं पुसली. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझं तोंड सरळ झालं की ती खोली तुझी. कुणी तिला हात लावणार न्हाई. रूहालीच्या भावानं दुसरी बगावी."

"आत्या, असू दे आत्ता ते."

"असू दे कसं? मी बोलले."

मी रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आई बोलली म्हंजी बोलली." घड्याळाकडं बघितलं नाही, म्हणून मी विश्वास ठेवला.

त्यानंतर एका सकाळी, हनुवटीपासून वर येताना, माझ्या बोटाखाली काहीतरी फडफडलं. अगदी बारीक, पापणी लवते तसं. मी बोट तिथंच ठेवलं.

"आत्या, हसा."

"सकाळच्या हारी कशाला हसू?"

"हसा म्हणते ना."

त्या हसल्या आणि ओठाचा डावा कोपरा हलला. वर गेला असं म्हणता येणार नाही, पण हलला. मी आरसा धरला. त्यांनी परत करून बघितलं, परत हलला. माझा हात त्यांनी दोन्ही हातांनी दाबला.

"ह्यांना बोलावते," मी म्हटलं.

"नगं. कुणाला सांगू नगंस आत्ताच. दृष्ट लागंल."

आमच्या घरची ही रीत. पोटात बाळ असो, बोलणी चाललेलं स्थळ असो की भरलेलं पीक, पक्कं होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. मलाही ते पटलं. इतक्या दिवसांनी नस जागी झाली होती, तिला कुणाची नजर कशाला लावा? मी ह्यांनाही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी लातूरहून रूपाली आली, बरोबर तिचे मामा. मामांच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती हलत होती.

"पारवा हाय," रूपाली म्हणाली. "मामांच्या गावात किती जणांची वाकडी तोंडं सरळ झाली यानं. ताजं गरम रक्त गालाला लावायचं, बस्स."

मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता या रूपालीला फुटपाथवर उभं करणार. ज्या घरात अंड्याच्या पांढऱ्यासाठी गोमूत्र शिंपडलं गेलं त्या घरात पारवा कापायचा?

"औषधाला चालतंय," आत्या म्हणाल्या.

"आत्या, पण आपलं तर..." मी म्हणायला गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चांगल्या डोळ्यानं.

परसात मामांनी काय करायचं ते केलं. मी गेले नाही, आवाज ऐकला. आत्यांना ओट्यावर बसवून त्यांच्या डाव्या गालावर रक्त माखलं, कानापासून हनुवटीपर्यंत. वाळेस्तोवर तसंच ठेवायचं म्हणाले. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावत होत्या. आत्या एक डोळा मिटून बसल्या होत्या. माश्या यायला लागल्या तशी रूपालीनं वर्तमानपत्रानं वारा घातला.

संध्याकाळी ते वाळलेलं रक्त काढायला अर्थात मीच. कोमट पाणी, बेसन, साय. सुरकुत्यांमधे शिरलेलं निघता निघत नव्हतं. बोटाखाली गाल फडफडत होता, कालच्यापेक्षा जास्त.

"बघा, वाढलंय," मी हळूच म्हटलं.

आत्यांनी टॉवेल घेऊन स्वतःच गाल पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्या सगळ्यांदेखत हसल्या आणि कोपरा वर गेला. रूपालीनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं. "आत्या, बघा, एका रात्रीत!" शकुंतलाकाकू आल्या, त्यांच्या मागून सगळी गल्ली आली. पारव्यानं गुण दिला, पारव्यानं गुण दिला. मामांना नवं उपरणं दिलं. मी दारात उभी होते. आत्या आता सांगतील, मला वाटलं. आता दृष्टीची भीती कसली, सगळ्यांना दिसलंच की. आत्या म्हणाल्या, "व्हय बाई, रूहालीच्या मामांची किरहा."

मी आत जाऊन ह्यांना सगळं सांगितलं, फडफड कधी सुरू झाली ते. हे म्हणाले, "मग तवाच का न्हाई सांगितलंस?" जी माझी साक्षीदार, तिनंच तोंड उघडलं नाही.

मालिश मी सोडली नाही. फडफडीतून हालचाल आली, डोळा मिटायला लागला, 'प' आला, 'फ' आला. डॉक्टरांकडं गेलो तेव्हा वाटलं, निदान हा शिकलेला माणूस दोन शब्द बोलेल. ते म्हणाले, "छान. यातले बहुतेक पेशंट काही आठवड्यांत आपोआपच बरे होतात. मालिशनं चेहरा लवचिक राहिला, ते चांगलंच." म्हणजे थोडा गुण आपोआपचा, बाकीचा पारव्याचा. माझ्या वाट्याला 'चांगलंच' आलं. तेही खरंच असेल, मी डॉक्टर नाही. पण माझी बोटं तिथं होती, ते काही आपोआप झालं नव्हतं.

संक्रांत झाली. रूपाली, सोमनाथ आणि तिचा भाऊ जेवायला आले. जेवणं झाल्यावर आत्यांनी सगळ्यांना बसवलं आणि रस्त्याकडच्या खोलीची किल्ली रूपालीच्या हातात दिली.

"तुझ्या भावाला म्हणावं, चांगला मुहूर्त बग. तुझ्या माणसांनी माझं तोंड सरळ केलं, मग मी रिकाम्या हातानं कशी पाठवू?"

आणि त्या हसल्या. दोन्ही कोपरे सारखे, दोन्ही डोळ्यांच्या कडांना सारख्या रेघा. जे हसू यावं म्हणून मी थंडीच्या सकाळी हात ऊन करत बसले होते, ते पुरतं पहिल्यांदा आलं, आणि ते माझ्या जावेसाठी होतं. हे घड्याळाकडं बघत होते.

पाहुणे गेल्यावर दुपारी मी आत्यांच्या खोलीत गेले. त्या पडल्या होत्या. मी दार लावलं.

"आत्या, तुम्ही बोलला होता."

"बोलले आसंन. आजारात माणूस काय बी बोलतं."

"पारवा आणायच्या आधी गाल हलला होता. तुम्ही आरशात बघितला. माझा हात दाबला होता तुम्ही."

"व्हय."

मला वाटलं होतं त्या नाकारतील. भांडायची सगळी तयारी करून गेले होते.

"मग?"

त्या उठून बसल्या. भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडं एकदा बघितलं, मग खाली.

"नंदा, कुणाच्या हातानं झालं ते मला ठावं हाय. मला काय येड लागलंय व्हय? पण तुझ्याफुडं मी रडले. जे माझ्या आईला सांगितलं न्हाई ते तुला सांगितलं. माझी लाळ पुसलीस तू. आता त्या खोलीत बसून तू धंदा करणार, येताजाता माझ्याकडं बगणार, आणि मी रोज मनात म्हणायचं, हिच्यामुळं मी हाय. ते मला न्हाई जमायचं."

"मी कधी बोलून दाखवलं असतं का?"

"बोलली नसतीस. त्याचाच तरास." त्यांनी पदर सावरला. "पारव्याचं उपकार मानायला सोपं हाय. त्यो मेला. तू रोज मला जेवाय वाढणार."

त्या परत आडव्या झाल्या आणि त्यांनी भिंतीकडं कूस केली. मी बाहेर आले. खुर्ची, आरसा आणि वाफेचं भांडं विकून टाकलं. दुसरीकडं भाड्यानं खोली घ्यायला हे तयार नव्हते आणि माझ्यातही मग तेवढी रग उरली नव्हती.

आत्या पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. मी त्यांना दोन्ही वेळा वाढलं, औषधं दिली, पाय सुजले तेव्हा पाण्यात मीठ टाकून दिलं. त्या ताटाकडं बघून जेवायच्या, माझ्याकडं बघायच्या नाहीत. मीही त्यांच्या अंगाला पुन्हा हात लावला नाही, तसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या गेल्या तेव्हा रूपाली लातूरहून आली. बायकांनी पाणी तापवलं, आत्यांना भिंतीला टेकवून बसवलं. शकुंतलाकाकू म्हणाल्या, "नंदा, तू थोरली. तोंड तू धू."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तांब्या माझ्या हातात होता. मी तो रूपालीच्या हातात दिला.

"तू धू," मी म्हटलं. "गुण तुझ्या पारव्याचा होता."

रूपालीनं धुतलं.